व्हेनिस बुलेव्हार्डवरचा अजबखाना

कॅमेरूनच्या पावसाळी जंगलात एक मोठी मुंगी राहते. आयुष्यभर ती जमीन सोडत नाही. पालापाचोळ्यात अन्न शोधत हिंडते. वरच्या झाडोऱ्यातून एका बुरशीचे बीजाणू अखंड खाली झरत असतात. त्यातला एखादा श्वासावाटे तिच्या शरीरात गेला, की तो तिच्या मेंदूत ठाण मांडतो आणि मुंगीचं वागणं पालटतं. जन्मात पहिल्यांदाच ती जमीन सोडून एखाद्या वेलीच्या देठावरून वर चढू लागते. ठरावीक उंची गाठली, की देठात जबडा रुतवते आणि तिथेच मरते. बुरशी तिला आतून खात राहते. काही दिवसांनी त्या मेलेल्या मुंगीच्या डोक्यातून एक काटा उगवतो. त्याच्या टोकाला नारिंगी रंगाचं बोंड धरतं, आणि त्यातून नव्या बीजाणूंचा पाऊस खालच्या मुंग्यांवर पडू लागतो.

ही हकीकत लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात, कल्व्हर सिटीजवळ, व्हेनिस बुलेव्हार्ड या वाहत्या रस्त्याला लागून असलेल्या एका इमारतीत ऐकायला मिळते. दारावरची घंटा वाजवायची, आत शिरायचं आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची. काचेच्या पेटीत देठाला चिकटलेली मुंगी दिसते आणि टेलिफोनच्या रिसीव्हरमधून एक शांत, अभ्यासू आवाज हे सगळं समजावून सांगतो. आवाज ओळखीचा वाटतो. शाळेच्या सहलीत, शैक्षणिक माहितीपटात, प्रत्येक सरकारी संग्रहालयात आपण हाच आवाज ऐकलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर अविश्वास दाखवावा असं मनातही येत नाही.

लॉरेन्स वेश्लर या अमेरिकन लेखकाच्या मनात मात्र ते आलं. डोक्यातून काटा उगवणारी मुंगी ही नक्की थाप असणार, असं धरून तो चौकशीला लागला, आणि कीटकांच्या अभ्यासकांनी त्याला सांगितलं की हे असंच घडतं. त्याच्या शोधातून आधी १९९४ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकातला लेख आणि मग १९९५ मध्ये ‘मिस्टर विल्सन्स कॅबिनेट ऑफ वंडर’ हे पुस्तक तयार झालं. पुढच्या वर्षी ते पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होतं. या संग्रहालयाचं नाव जगभर पोचलं ते प्रामुख्याने याच पुस्तकामुळे.

मुंगीची गोष्ट इथे संपत नाही, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. या जातीच्या बुरशीची नोंद आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८५९ मध्येच केली होती. डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांतीचं तत्त्व मांडणारा हाच तो वॉलेस. थायलंडच्या जंगलात अलीकडे केलेल्या पाहण्यांत आढळलं, की बाधित मुंग्या जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटर उंचीवरच्या पानांनाच चावा घेतात, कारण बुरशीला हवी ती ऊब आणि ओल तिथेच मिळते. जर्मनीतल्या मेसेल इथे सापडलेल्या ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका पानाच्या शिरेवर अशाच मरणचाव्याचे व्रण आहेत. पण संग्रहालयातली हकीकत जशीच्या तशी खरी नाही. बीजाणू श्वासावाटे आत जात नाही. तो अंगावर पडतो आणि मुंगीचं कवच भेदून आत शिरतो. पाटीवरचं शास्त्रीय नाव एका खऱ्याखुऱ्या आफ्रिकन मुंगीचं असलं, तरी ती मुंगी वाळवीच्या वारुळांवर धाडी घालणारी म्हणून प्रसिद्ध आहे. आणि मेंदूचं म्हणाल, तर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की बुरशीच्या पेशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळं विणतात, मेंदूला मात्र हात लावत नाहीत. म्हणजे मेंदू शाबूत, आणि पाय दुसऱ्याच्या ताब्यात! संग्रहालयाने सांगितलेल्या गोष्टीपेक्षा ही खरी गोष्ट जास्त भयंकर आहे, आणि मला वाटतं, जास्त विलक्षणही.

अर्धं खरं, अर्धं रचलेलं, आणि दोन्हींच्या मधली रेघ पुसून टाकलेली, असं हे ठिकाण आहे. नाव आहे ‘म्यूझियम ऑफ जुरासिक टेक्नॉलॉजी’.

*

नावापासूनच गोंधळ सुरू होतो. जुरासिक कालखंड कोट्यवधी वर्षांपूर्वीचा; तेव्हा माणूसच नव्हता, तर तंत्रज्ञान कुठलं? आत गेल्यावर एक छोटी चित्रफीत दाखवली जाते. तिच्यात संग्रहालयांचा इतिहास गंभीरपणे उलगडतो, नोहाची नौका हे जगातलं सर्वांत परिपूर्ण संग्रहालय ठरतं, आणि ‘लोअर जुरासिक’ म्हणून जो नकाशा समोर येतो तो चक्क नाईलच्या मुखाजवळच्या प्रदेशाचा असतो. कुणी हसत नाही, कुणी डोळा मारत नाही. निवेदन त्याच संथ लयीत पुढे जातं.

हे उभं केलं डेव्हिड हिल्डेब्रँड विल्सन आणि त्यांच्या पत्नी डायना ड्रेक विल्सन यांनी, १९८८ मध्ये. डेव्हिड विल्सन १९४६ चे, मूळचे डेन्व्हरचे. कॉलेजात ते कीटकशास्त्र शिकले. मग कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये चित्रपटकला. त्यानंतर पोटासाठी हॉलिवूडमध्ये स्पेशल इफेक्ट्सचं काम केलं. कीटक, चित्रपट आणि दृष्टिभ्रम या तिन्ही गोष्टी संग्रहालयाच्या हाडीमांसी आहेत. आरसा, भिंग आणि प्रकाश यांच्यावर त्यांचा हात इतका बसलेला आहे, की एका पेटीत नुसतं खोकडाचं भुसा भरलेलं डोकं दिसतं. पण समोरच्या भिंगातून पाहिलं, की त्याच डोक्याच्या आत खुर्चीवर बसलेला एक इवलासा माणूस दिसतो, आणि तो भुंकत असतो. अर्धपारदर्शक काचेवर प्रतिबिंब पाडून वस्तूच्या आत भूत उभं करण्याची ही युक्ती १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर गाजली होती. सव्वाशे वर्षांनी ती व्हेनिस बुलेव्हार्डवरच्या काचपेट्यांत पुन्हा जिवंत झाली.

२००१ मध्ये विल्सन यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. अमेरिकेत शास्त्रज्ञ, लेखक, संगीतकार यांना अर्ज न मागवता दिला जाणारा हा सन्मान आहे. तो एका संग्रहालय चालवणाऱ्या माणसाला, तेही अशा संग्रहालयाला जन्म देणाऱ्याला मिळाला, हे मला फार योग्य वाटतं. कारण त्यांनी केलेली निर्मिती कुठल्याच ठरलेल्या कप्प्यात बसत नाही. हे चित्रप्रदर्शन नाही, विज्ञानकेंद्र नाही, जादूचा खेळही नाही. मुलाखतींत विल्सन स्वतः कधी मखलाशी करताना दिसत नाहीत. ‘यातलं खरं किती?’ या प्रश्नाला ते सौम्यपणे, संग्रहालयाच्या प्रमुखाला शोभेल असंच उत्तर देतात आणि आपल्याला पुन्हा पाटीकडे पाठवतात.

*

डेप्रॉन्ग मोरी हे त्यांचं एक अफलातून दालन आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातल्या एका जमातीत म्हणे अशा वटवाघळाच्या कथा आहेत, जे घनवस्तूंतून आरपार उडतं. एकोणिसाव्या शतकातल्या एका मानववंशशास्त्रज्ञाने त्या टिपल्या. पुढे डोनाल्ड ग्रिफिथ नावाच्या संशोधकाने अंदाज बांधला, की हे वटवाघूळ ध्वनीऐवजी क्ष-किरणांसारख्या लहरी सोडत असणार. क्ष-किरण अडतात फक्त शिशाला. म्हणून त्याने जंगलात शिशाच्या पाच जाडजूड, उंच भिंती उभारल्या आणि वाट पाहिली. एका पहाटे उपकरणांनी धडक नोंदवली. पाटीवर तारीख आहे, मिनिटासकट वेळ आहे. भिंत तपासली, तर शिशाच्या पोटात वटवाघूळ अडकलेलं! दालनात तो शिशाचा तुकडाही ठेवला आहे.

ही कथा रचलेली आहे. पण तिच्या मुळाशी काय आहे ते पाहा. डोनाल्ड ग्रिफिन नावाचे प्राणिशास्त्रज्ञ खरोखर होऊन गेले. १९३८ च्या सुमारास हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी पिशवीभर वटवाघळं उचलून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेली. माणसाच्या कानाला न ऐकू येणारे ध्वनी टिपणारं यंत्र तिथे होतं. ते सुरू करताच शांत वाटणाऱ्या वटवाघळांच्या किंकाळ्यांनी यंत्र भरून गेलं. मग रॉबर्ट गॅलॅम्बोस यांच्यासोबत त्यांनी सिद्ध केलं, की आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वटवाघूळ अंधारात वाट काढतं. हे ऐकून त्या काळच्या जाणत्या शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. एका परिषदेत तर एका ज्येष्ठ शरीरशास्त्रज्ञाने गॅलॅम्बोसना खांद्याला धरून हलवलं, असं काही खरं असणं शक्यच नाही म्हणून. त्याच्या दीडशे वर्षं आधी इटलीतल्या स्पालान्झानीने दाखवलं होतं, की डोळे गेलेलं वटवाघूळ बिनधोक उडतं, कान बंद केलेलं मात्र धडकतं. त्याची तर बहुतेकांनी टरच उडवली. शिशाच्या भिंतीची कथा ऐकून आपल्या ओठांवर जे अविश्वासाचं हसू येतं, तेच हसू खऱ्या शोधाच्या वाट्यालाही आलं होतं, हे विल्सन यांना पक्कं ठाऊक आहे. ग्रिफिनचा ग्रिफिथ त्यांनी उगाच केलेला नाही.

दुसरं मोठं दालन जेफ्री सॉनाबेंड या विस्मरणाच्या तत्त्वज्ञाचं. मादालेना देलानी नावाची गायिका, तिचा स्मृतिदोष, इग्वासूचा धबधबा, तिच्या मैफिलीनंतर सॉनाबेंडला न आलेली झोप, आणि त्या रात्री सुचलेला सिद्धांत: आठवण ही चीजच नाही, असतं ते फक्त विसरणं, आणि गेलेला क्षण कायमचा गेला हे सोसवत नाही म्हणून माणूस आठवणी रचतो. सिद्धांत समजावणारी त्रिमिती आकृती आहे, अनुभवाची पातळी आणि विस्मरणाचा शंकू एकमेकांना छेदताना दाखवलेला. १९४६ मध्ये निघालेल्या तीन खंडांचा उल्लेख आहे. हा सॉनाबेंड कधी झालाच नाही. तरीही त्याच्या दालनातून बाहेर पडणारा माणूस गप्प झालेला असतो, असं अनेक प्रवासवर्णनांत वाचायला मिळतं, आणि मला त्यात नवल वाटत नाही. विसरण्याचा वेग मोजून त्याचा आलेख काढणारा एबिंगहाउस १८८५ मधला, खराखुरा. आठवताना मन दर वेळी गोष्ट नव्याने जुळवतं, हे प्रयोगांनी दाखवणारं फ्रेडरिक बार्टलेट यांचं पुस्तक १९३२ चं. न घडलेली बालपणीची घटना मोठ्या माणसाच्या मनात ‘आठवण’ म्हणून रुजवता येते, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९० च्या दशकात दाखवलं, आणि त्यानंतर न्यायालयांत साक्षीदाराच्या आठवणींकडे पाहण्याची दृष्टीच बदलू लागली. सॉनाबेंड खोटा, पण त्याने उभा केलेला प्रश्न मानसशास्त्राच्या मध्यावर उभा आहे.

*

एवढं पाहून झालं, की पाहुणा सावध होतो. पुढच्या पेटीला तो फसणार नाही असं ठरवतो. आणि तिथेच त्याची खरी परीक्षा सुरू होते, कारण पुढच्या पेटीत सुईच्या नेढ्यात उभे असलेले पोप जॉन पॉल दुसरे आहेत.

नुसत्या डोळ्यांनी सुई दिसते. समोरच्या भिंगातून पाहिलं, की नेढ्यात मूर्ती दिसते, रंगवलेली, वस्त्रांच्या चुण्यांसकट. शेजारच्या पाटीवर हागोप संदाल्जियन या शिल्पकाराचं नाव असतं, आणि तो व्हायोलिनवादक होता, हाताच्या हालचालींचा अभ्यासक होता, हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या निश्चल क्षणात तो हत्यार चालवायचा, असं लिहिलेलं असतं. सावध झालेला पाहुणा इथे हसतो आणि पुढे जातो. तो चुकतो. संदाल्जियन १९३१ मध्ये ईजिप्तमध्ये जन्मले, आर्मेनियात वाढले, तिथे व्हायोलिन शिकवलं, १९८० मध्ये लॉस एंजेलिसला आले आणि १९९० मध्ये वारले. धुळीचे कण, केस, सरसाचे थेंब यांतून त्यांनी घडवलेल्या मूर्ती खऱ्या आहेत. नाडीच्या ठोक्याने बोट हलतं आणि महिनोन्‌महिन्यांचं काम उडून जातं, ही त्यांची रोजची अडचण होती. जगातल्या कुठल्याही मोठ्या कलादालनात हे काम मानाने मिरवलं असतं. इथे ते अशा जागी ठेवलं आहे, की पाहणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे त्याचं त्याने ठरवावं. मला तरी हा संदाल्जियन यांचा गौरवच वाटतो: प्रतिष्ठेची कुबडी काढून घेतल्यावरही त्यांचं काम डोळे विस्फारायला लावतं.

तीच गोष्ट हेन्री डाल्टन यांच्या चित्रांची. एकोणिसाव्या शतकातल्या या इंग्रज माणसाने फुलपाखरांच्या पंखांवरचे खवले एकेक करून सुटे केले, बारीक नळीतून फुंकर घालत त्यांना सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर जागच्या जागी सरकवलं, आणि त्यांतून फुलदाण्या, पक्षी, पुष्पगुच्छ उभे केले. पंखावरच्या कित्येक खवल्यांचा रंग त्यांच्या रचनेतून येतो, रंगद्रव्यातून नव्हे. दीडशे वर्षं झाली तरी ती चित्रं फिकी पडलेली नाहीत, त्याचं एक कारण हेही असावं.

रिकी जे हा पत्त्यांचा विख्यात जादूगार आणि ठकविद्येचा इतिहासकार. २०१८ मध्ये तो गेला. त्याच्या संग्रहातले फासे इथे आहेत, कुजणारे फासे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुगाराचे फासे सेल्युलोज नायट्रेटचे करत. हा पदार्थ वर्षानुवर्षं अगदी धडधाकट राहतो आणि मग एकाएकी फुटू लागतो, चुरा होतो, आम्लाची वाफ सोडतो. इथल्या पेटीत कडा ढासळलेले, ठिपके ओघळलेले, रंगीत खडीसाखरेसारखे दिसणारे फासे ठेवले आहेत. मराठी वाचकाने यापाशी जरा जास्त वेळ उभं राहावं, असं मला वाटतं. दादासाहेब फाळक्यांचे चित्रपट याच पदार्थाच्या फितीवर चित्रित झाले होते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून पुढच्या दोन दशकांतले आपले मूकपट बहुतांश नाहीसे झाले, त्याचं एक मोठं कारण ही फीतच, ती कुजते आणि पेटली तर विझता विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म्सचा साठा आगीत गेला, ही जखम चित्रपटांवर प्रेम करणाऱ्यांना ठाऊक आहे. फाळकेही जादूगार होते. आपलंच नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून प्रयोग करत. विल्सन यांच्या काचपेट्या पाहून त्यांनी किती तासांनी बाहेर पाय ठेवला असता, कोण जाणे.

एका दालनात माऊंट विल्सन वेधशाळेला आलेली पत्रं आहेत, १९१५ ते १९३५ या काळातली. ही वेधशाळा लॉस एंजेलिसच्या डोक्यावरच्या डोंगरात आहे. तिथे १९१७ मध्ये १०० इंची दुर्बीण बसली आणि एडविन हबल यांनी तिच्यातून पाहून देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची दीर्घिका आहे हे सिद्ध केलं. विश्व एकदम कितीतरी पटींनी मोठं झालं. वर्तमानपत्रांत त्या बातम्या वाचून साध्यासुध्या माणसांनी शास्त्रज्ञांना पत्रं लिहिली: मला सूर्याचं गुपित कळलं आहे, पृथ्वी वेगळीच आहे, तुमच्यापैकी कुणीतरी भेटायला या. कित्येकांचं म्हणणं सपशेल चुकीचं होतं. पण विल्सन यांनी ती पत्रं थट्टेसाठी मांडलेली नाहीत. रात्री दिव्याखाली बसून विश्वाचा विचार करणाऱ्या, आणि तो कुणाला तरी सांगावासा वाटणाऱ्या माणसांचा तो मान आहे. पत्रं अस्सल आहेत.

टोस्टवर ठेवलेले दोन उंदीर असलेली पेटीही इथे आहे. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांवरचा जुना तोडगा. मुलांच्या याच तक्रारीसाठी उकडलेला उंदीर रोमच्या प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवला आहे. घरात कुणी गेलं की मधमाश्यांना जाऊन सांगायचं, हीही एक समजूत त्याच दालनात मांडली आहे. ती मेलेली आहे असं कुणी समजू नये: सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ वारल्या, तेव्हा राजवाड्याच्या मधपाळाने पोळ्यांना काळी फीत बांधून मधमाश्यांना ती बातमी सांगितली होती.

*

विल्सन यांनी हे सगळं हवेतून आणलेलं नाही. युरोपातल्या संग्रहालयांचा जन्मच असा झाला. सोळाव्या-सतराव्या शतकांत राजे, वैद्य, धर्मगुरू, व्यापारी आपल्या घरी नवलाईच्या वस्तूंच्या खोल्या सजवत. लंडनजवळच्या लॅम्बेथमध्ये जॉन ट्रेडस्कंट आणि त्याच नावाचा त्यांचा मुलगा, दोघेही माळी, यांनी असा संग्रह जमवला होता. लोक त्याला ‘आर्क’ म्हणत, म्हणजे नौका. १६५६ मध्ये त्याची छापील यादी निघाली. तिच्यात फिनिक्स पक्ष्याच्या शेपटीची दोन पिसं आहेत, दोन इंचांचा ड्रॅगन आहे, आणि मॉरिशस बेटावरचा, आकाराने इतका मोठा की उडू न शकणारा एक पक्षीही आहे. फिनिक्स खोटा, ड्रॅगन खोटा. तिसरा पक्षी डोडो. त्याच शतकात तो पृथ्वीवरून नाहीसा झाला, आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही निसर्गअभ्यासकांना डोडोही नाविकांची कल्पना असावी असं वाटू लागलं. ती शंका फेडायला जे थोडे अवशेष हाती होते, त्यांत ट्रेडस्कंटच्या पक्ष्याचं डोकं आणि पाऊल होतं. ते आजही ऑक्सफर्डमध्ये आहे. फिनिक्सच्या पिसांशेजारी ठेवला गेला म्हणून डोडो खोटा ठरत नाही, आणि डोडोशेजारी ठेवली म्हणून ती पिसं खरी ठरत नाहीत. शेजारधर्मावरून सत्य ठरवता येत नाही. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे तपासावी लागते.

ट्रेडस्कंटांचा संग्रह कायदेशीर कागदाच्या जोरावर इलायस अ‍ॅशमोल या वकिलाकडे गेला. विधवा झालेल्या सुनेने दावा लढवला, ती हरली. १६८३ मध्ये त्यातूनच ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय उघडलं. विल्सन यांच्या संग्रहालयाची जी ‘अधिकृत’ जन्मकथा तिथे सांगितली जाते, तिच्यातही माळीकाम करणारे पितापुत्र आहेत, थ्रम आडनावाचे, आणि संग्रह गिळणारा वकीलही आहे. ट्रेडस्कंट ठाऊक असलेल्या वाचकाला ती वाचताना कोण आनंद होतो!

डेन्मार्कचा वैद्य ओले वर्म याने १६३८ मध्ये दाखवून दिलं, की राजेलोक सोन्याच्या भावाने घेत असलेलं युनिकॉर्नचं शिंग हा मुळात नारव्हाल नावाच्या उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातल्या एका देवमाशाचा दात आहे. लोकांनी युनिकॉर्न गमावला. पण तोंडातून आठ-नऊ फुटांचा पीळदार दात पुढे काढून बर्फाखाली पोहणारा देवमासा त्यांना मिळाला. मला विचाराल, तर सौदा फायद्याचाच झाला.

या परंपरेतला विल्सन यांचा लाडका माणूस म्हणजे अथानासिउस किर्शर (१६०२–१६८०), रोममधला जर्मन जेझुइट धर्मगुरू. त्याच्यासाठी एक पूर्ण दालन आहे. व्हेसुव्हियसच्या मुखात दोर लावून उतरणारा, प्लेगच्या रोग्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा, चुंबकं, प्रतिध्वनी, पाणघड्याळं यांची यंत्रं रचणारा आणि ईजिप्तची चित्रलिपी आपण वाचली असं ठामपणे, पूर्ण चुकीचं सांगणारा हा माणूस. रोमच्या जेझुइट महाविद्यालयातलं त्याचं संग्रहालय युरोपभरचे प्रवासी पाहून जात. १६६७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला त्याचं ‘चायना इलुस्ट्राटा’ निघालं. त्यात भारतातल्या एका दगडाची भरभरून स्तुती आहे, जो सर्पदंशाच्या जागी लावला की विष ओढून घेतो. तो दगड खोटा. पण त्याच पुस्तकात काही कोरीव पत्रे आहेत ज्यांवर अ, आ, इ, ई, क, ख, ग ओळीने मांडलेले आहेत. हाइनरिख रोथ हा जेझुइट आग्र्यात राहून पंडितांकडून संस्कृत शिकला, त्याने व्याकरण लिहिलं, आणि रोममध्ये आल्यावर ही वर्णमाला किर्शरच्या हाती दिली. देवनागरी युरोपात छापून आली ती पहिल्यांदा तिथे. तुम्ही हा लेख ज्या अक्षरांत वाचताय ती अक्षरं, आणि विष शोषणारा खोटा दगड, दोन्ही एकाच बांधणीत. अ‍ॅम्स्टरडॅमच्या एखाद्या वाचकाला त्या काळी काय खरं वाटलं असेल? सापाचा दगड बहुधा सहज पटला असेल. व्यंजनांची मांडणी कंठापासून ओठांपर्यंत उच्चाराच्या क्रमाने करणारी लिपी, एवढं शिस्तशीर काही जगात आहे, हेच त्याला थाप वाटलं असण्याची शक्यता जास्त.

*

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. मोबाइलवर रोज खोट्या गोष्टींचा पूर येतो, खोटी औषधं, खोटा इतिहास, खोट्या फोटोंवरून पेटणाऱ्या खऱ्या दंगली. अशा काळात संग्रहालयाने, म्हणजे जिथे लोक विश्वासाने येतात त्या जागेने, खऱ्याखोट्याची सरमिसळ करावी का? घरी जाऊन शोध न घेणाऱ्याचं काय? तो शिशात अडकलेलं वटवाघूळ खरं धरून आयुष्यभर चालेल.

हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. पण खोट्या-खोट्यात फरक असतो, आणि तो हेतूवरून ओळखता येतो. १८४२ मध्ये पी. टी. बार्नम याने न्यूयॉर्कमध्ये माकडाचं धड आणि माशाची शेपटी जोडून ‘फिजीची जलपरी’ दाखवली. त्याला तिकीट हवं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खोट्या संदेशाला आपला राग हवा असतो, मत हवं असतं, किंवा पैसा. हे सगळे आपल्याला घाईत ठेवतात. विचार करायला मिळालेला एक क्षणही त्यांना परवडत नाही. विल्सन यांचं संग्रहालय घाई करू देत नाही. अंधार, बारीक अक्षरं, रिसीव्हर, भिंग, प्रत्येक गोष्ट वाकून, थांबून, डोळा लावून पाहायला लावते. कुणाविरुद्ध भडकवत नाही, काही विकत घ्या म्हणत नाही, कुठला निष्कर्षही हातावर ठेवत नाही. आणि मुख्य म्हणजे ते आपल्याला आपल्याच एका सवयीशी भिडवतं: काचपेटी, पितळी पाटी, लॅटिन नाव आणि संथ आवाज एवढं दिसलं की आपण मान डोलावतो. ही सवय खोट्या बातमीवाल्यांनी कधीच हेरली आहे. अहवालाचा थाट, तज्ज्ञाचा फोटो, आकडा दशांश चिन्हासकट. ज्याने एकदा सॉनाबेंडची तळटीप मनोभावे वाचली आणि मग तो झालाच नाही हे शोधून काढलं, तो पुढच्या तळटिपेकडे जास्त जागेपणाने पाहील.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. नुसता संशय घेत राहिलेला माणूस संदाल्जियनची सुई ओलांडून जातो. सगळंच खोटं म्हणणं ही चौकशीतून मिळवलेली हुशारी नसते, तो आळस असतो. आपल्याकडच्या बऱ्याच संग्रहालयांत मला याच गोष्टीचं दुःख वाटतं: तिथे वस्तू अस्सल असतात, अमोल असतात, पण पाटीवर ‘दगडी मूर्ती, बारावे शतक’ एवढंच लिहिलेलं असतं आणि मुलं पाच मिनिटांत बाहेर पडतात. खरं सांगायचं आणि तरीही थक्क करायचं, हे अवघड आहे, अशक्य नाही. त्यासाठी खोटं बोलायची काहीच गरज नाही. वस्तूभोवती थोडा अंधार, थोडी शांतता आणि एक नीट सांगितलेली गोष्ट पुरते. हे विल्सन यांच्याकडून निःसंकोच शिकावं.

*

जुलै २०२५ मध्ये एका रात्री या संग्रहालयाला आग लागली. विक्रीचं दालन जळालं आणि धूर बाकीच्या दालनांत पसरला. दालनं वाचली, पण काजळी पुसण्याचं काम मोठं होतं. आगीची बातमी पसरल्यावर जगभरातून त्याच्या चाहत्यांनी हळहळ व्यक्त केली. चाळीस वर्षं व्हायला आलेली ही संस्था एका जोडप्याच्या हट्टावर आणि मूठभर माणसांच्या श्रमावर उभी आहे, याची त्या निमित्ताने अनेकांना पहिल्यांदाच जाणीव झाली असेल.

वरच्या मजल्यावर रशियन धाटणीची एक चहाची खोली आहे. तिथे पाहुण्यांना चहा आणि बिस्किटं दिली जातात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बाहेर गच्चीवर बाग आहे, कबुतरं आहेत. जवळच्या दालनात सोव्हिएत अंतराळ मोहिमांतल्या कुत्र्यांची तैलचित्रं लावली आहेत, १९५७ मध्ये परत न येण्यासाठीच पाठवलेली लायका आणि १९६० मध्ये सुखरूप परतलेल्या बेल्का आणि स्ट्रेल्का. तिथे रचलेलं काहीच नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियात मराठी माणसं भरपूर आहेत. मुलामुलींकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडील डिस्नेलँड, युनिव्हर्सल स्टुडिओ आणि हॉलिवूडची पाटी पाहून येतात. त्यांना, आणि त्यांना फिरवणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे, की एक दुपार व्हेनिस बुलेव्हार्डसाठी राखून ठेवा. संग्रहालय आठवड्यातले थोडेच दिवस उघडं असतं, म्हणून आधी वेळ पाहून जा. नातवंडांना बरोबर न्या, त्यांच्या हातात वही द्या, आणि जे जे खोटं वाटेल ते ते लिहून घ्यायला सांगा. घरी आल्यावर त्या यादीतली एकेक गोष्ट त्यांच्यासोबत बसून तपासा. निम्म्याहून अधिक खऱ्या निघतील.